पाणी घालायचं नाही

फुलांचा राग येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. राग म्हणजे चांगला सणसणीत राग. कॉलेजच्या गेटवर बोगनवेल फुलली की येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि आमचे मामा तोंड फिरवून आत जायचे. "फुलां काय, कोणीय वाढवता," एवढं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे.

मामा आमच्या बॉटनीच्या प्रयोगशाळेतले शिपाई. मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं कॉलेज. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लेक्चरर म्हणून लागले, टेम्पररी. अख्खं कॉलेज मला 'मॅडम' म्हणायचं, मामा मात्र पहिल्या दिवसापासून 'बाई'. मी एकदा त्यांना म्हटलंही, "अहो मामा, बाई शाळेत असतात." तर म्हणाले, "मग तुमी काय इमानतळावर शिकवतात?" मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

माणूस मालवणकडचा, राहायला विक्रोळीला चाळीत. एरवी बोलायचे आपल्यासारखंच मुंबईचं मराठी, पण डोकं सटकलं की गावची भाषा सुरू. आणि ते दिवसातून चारदा तरी सटकायचंच, त्यामुळे आम्हा सगळ्यांना मालवणी फुकटात आली.

त्यांचा जीव होता नेच्यांवर. नेचा म्हणजे फर्न. त्याला ना फूल, ना फळ, ना बी. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यातून पिठासारखी बारीक पूड सुटते आणि त्या पुडीतून नवा नेचा उगवतो. फुलाची भानगडच नाही म्हटल्यावर मामांना तो आवडणार हे ओघानंच आलं. पण त्यातही नर्सरीत टांगलेले गुबगुबीत परदेशी फर्न त्यांना चालत नसत. ते "पावणे". मामांना हवे ते आपले, इथले. विहिरीच्या कठड्यात, पुलाच्या मोरीत, खाणीच्या कातळात आपणहून येणारे. मोराच्या पिसाऱ्यासारखी छोटी पानं पसरणारी मोरशिखा. काळ्या बारीक देठाचा हंसराज. दगडाला मिठी मारून बसणारं बाशिंग. आणि तो रुपेरी नेचा, ज्याचं पान हातावर दाबलं की पांढरा ठसा उठतो. तो ठसा मनगटावर उठवून घेतला नाही असा एकही विद्यार्थी आमच्याकडून पास झाला नाही. कितीजण नेच्याचा धडा शिकून गेले ते मात्र विचारू नका.

प्रयोगशाळेतल्या उत्तरेच्या खिडकीखालचं टेबल मामांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होतं. त्या टेबलावर काचेच्या बरण्या उपड्या घातलेल्या आणि प्रत्येक बरणीखाली, पाण्याच्या बशीत उभा केलेला विटेचा तुकडा. त्यांची पद्धत अशी. सप्टेंबरात ठिपके पिकले की पान कापायचं, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधायचं, दोन दिवस शर्टाच्या खिशात ठेवायचं. मग पुडी उघडली की तपकिरी पूड खाली बसलेली असायची. ती बोटाच्या टिचकीनं विटेवर पाडायची आणि वर बरणी. विटेत पाणी मुरत राहतं, वरून हवा लागत नाही. महिन्याभरात विटेवर साय धरल्यासारखा हिरवा थर येतो, मग मुगाच्या डाळीएवढी बदामाच्या आकाराची पातळ पानं, आणि त्यातून कधीतरी, मनात आलं तर, खरा नेचा. या सगळ्यात वर्ष सहज जातं.

पण वीट आधी शिजवावी लागते. हो, शिजवावी. नाहीतर तिच्यात आधीपासून बसलेलं शेवाळ नि बुरशी पहिला हात मारतात. आमच्या विभागाचं निर्जंतुकीकरणाचं यंत्र मी लागण्याच्या आधीच बंद पडलेलं होतं, त्यामुळे मामा स्टाफमधल्या बायकांचे प्रेशर कुकर मागत हिंडायचे. "चार शिट्ट्या फक्त," असं म्हणायचे, डाळ लावल्यासारखं.

पुडी उघडायच्या आधी पंखा बंद. हा त्यांचा कायदा होता आणि तो सगळ्यांना लागू होता. मी एकदा ऑक्टोबरच्या मरणाच्या उकाड्यात साठ मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. मामा आले, चारही पंखे फटाफट बंद केले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. मी ओरडले, "मामा, मुलं घामानं न्हातायत!" त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "घामान कोण मरत नाय. ही पूड उडाली तर पुढल्या वर्साचो नेचो गेलो." मुलं हसली. मी पण हसले, दुसरं काय करणार?

विभागप्रमुखांशी त्यांचं वाकडं होतं तेही यावरूनच. सरांना तपकिरीचं व्यसन. दर अर्ध्या तासानं चिमूट आणि मग छप्पर उडेल अशी शिंक. एका शिंकेत मामांची वर्षभराची पूड सगळ्या प्रयोगशाळेभर झाली. त्या दिवशी मामांनी हात जोडून, पण सगळ्यांदेखत, सांगून टाकलं, "सायबानू, तुमी या टेबलाकडे येव नकात." शिपायानं विभागप्रमुखाला! सर ते कधी विसरले नाहीत. मामा दुसऱ्या दिवशीच विसरले, कारण त्यांना तो अपमान वाटलाच नव्हता. टेबलाची काळजी घेतली, बस्स.

आता बागेचं सांगते. कॉलेजच्या मागे, खाणीकडच्या बाजूला काळ्या दगडांचा एक ढिगारा पडून होता. मामांनी पाच वर्षं खपून त्याची बाग केली होती. एकेक दगड पहारीनं हलवून, आतल्या बाजूला उतार देऊन बसवलेला, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून न जाता फटीत शिरेल. सिमेंटचा एक ठिपका नाही. मी विचारलं, दगड हलतात, थोडं सिमेंट का नाही लावत? तर म्हणाले, "मग पाणी जातला खंय? आणि मुळां?" फटीत पालापाचोळ्याची माती, कोळशाचे तुकडे आणि जुना चुना. मोरशिखेला चुना लागतो म्हणे. मुलुंडमध्ये कुठे जुनं घर पाडायला काढलं की मामा पिशवी घेऊन तिथे हजर. लोक दारं-खिडक्या न्यायला यायचे, हे भिंतीचा गिलावा खरवडून न्यायचे. माथ्यावरच्या उन्हाच्या दगडांत मोरशिखा, उत्तरेच्या सावलीत हंसराज, मधे बाशिंग. ऑगस्टमध्ये त्या ढिगाऱ्याकडे बघत राहावं असं वाटायचं. खरंच, मी डबा घेऊन तिथे जाऊन बसायचे.

आणि मार्चपासून सगळं तपकिरी. हंसराज तर दिसेनासाच व्हायचा, मोरशिखेच्या वाळून मुठी वळायच्या. नवीन माणसाला वाटावं, वणवा लागला की काय. पहिल्या उन्हाळ्यात मी कळवळून बादली उचलली होती. मामा धावत आले. "मेले नाय ते, निजलेत. निजल्या माणसाच्या तोंडात कोण पाणी ओतता काय?" मी बादली खाली ठेवली. पण ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं.

त्या वर्षी आमच्या बॉटनीच्या डिग्री कोर्सला तात्पुरती मान्यता देण्यासाठी विद्यापीठाची समिती यायची होती. यायची ती नेमकी मार्चच्या शेवटी. प्राचार्यांनी सगळं कॉलेज धुऊन काढलं, भिंतींना रंग, दाराशी कुंड्या. मग त्यांची नजर मागच्या ढिगाऱ्यावर गेली. "ही मेलेली बाग? समितीनं ही बघितली तर वाट लागली आपली!" सरांनी लगेच री ओढली, म्हणाले उपटून टाकू. मी मधे पडले. म्हटलं उपटू नका, पाणी घातलं तर मोरशिखा दोन दिवसांत हिरवी होते, मी पुस्तकात वाचलंय. हे बोलणारी मीच. आणि मामा कुठे? शिमग्याला गावी. शिमग्याला गावी न जाणारा कोकणी माणूस अजून जन्माला यायचाय.

तीन दिवस मी नळीनं पाणी मारलं. दुपारी, कारण सकाळी मला लेक्चर्स असत. दगड इतके तापलेले असायचे की पाणी पडल्या पडल्या वाफ यायची. पण मोरशिखा उघडली! रुपेरी नेचाही उलगडला. समिती आली, चष्म्यातून बघितलं, "वा, वा" म्हणाली आणि चहाला गेली. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला झकास वाटलं, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी मामा परत आले. येताना सगळ्यांना गुळात घोळवलेलं खाजं आणलं होतं, माझ्या टेबलावर पण एक पुडी ठेवली. मग मागे गेले. मी पाठोपाठ गेले, शाबासकी घ्यायला. मामा वाकून दगडाला तळहात लावून उभे होते.

"पाणी कोणी घातल्यान?"

"मी," मी हसत म्हटलं. "बघा ना, कशा हिरव्या झाल्यात!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते तडक आत गेले, माझ्या टेबलावरची खाज्याची पुडी उचलली आणि परत आपल्या पिशवीत टाकली. मला इतका राग आला! म्हटलं, बाग वाचवली मी यांची, आणि हा माणूस दिलेलं खाजं परत नेतो?

समिती गेल्यावर पाणी बंद झालं, मला दुसरी कामं होती. एप्रिलच्या उन्हात ती कोवळी हिरवी पानं करपली. ती वाळली तीही पुन्हा मुठी न वळता, सरळ कागदासारखी. जूनमध्ये डोंगर हिरवा झाला, गेटवरची भिंत हिरवी झाली, आणि आमचे दगड काळे ते काळेच. बाशिंग तेवढं वर आलं, ते चिवट. बाकी गेलं. मी एक फट उकरून बघितली. आत मुळं नव्हती, काळा चिखल होता. तापलेल्या दगडात दुपारचं पाणी घालून मी ती उकडून मारली होती. पाच वर्षांची बाग मी तीन दिवसांत मारली, आणि तीही चार जणांत मिरवून. मला खूप रडू आलं. स्टोअररूममध्ये जाऊन रडून घेतलं.

मामा माझ्याशी बोलत नव्हते ते बोलतच नव्हते. एप्रिल ते जुलै. स्लाइड मागितली तर आणून ठेवायचे, बस्स. मग जुलैत एक दिवस मी डबा खायला बसले, तर डब्याशेजारी धप्पकन विटेचा तुकडा आला.

"कुकरात घाला," मामा म्हणाले. "चार शिट्ट्या."

एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. त्या वर्षी मी अठरा विटा शिजवल्या. सासूबाई म्हणायच्या, हिच्या वरणाला मातीचा वास येतो. सप्टेंबरात मामांनी मला हिंडवलं. पवईला देवळामागची भिंत, घोडबंदरकडचा जुना पूल, ट्रॉम्बेच्या बाजूची एक पडकी विहीर. मी साडी खोचून मोरीत उतरायचे आणि मामा वरून सूचना द्यायचे, "तां नको, पिवळां असा. तेच्या बाजूचा." माझ्या ब्लाउजला खिसा नसतो म्हणून पुड्या मात्र त्यांच्याच खिशात. पुढच्या जुलैत आम्ही बोटभर उंचीचे नेचे फटीफटीतून बसवले, एकेक, चिमट्यानं. सर लांबून बघत होते. "मॅडम, तुम्ही लेक्चरर आहात," म्हणाले. मी म्हटलं, "हो सर, म्हणूनच तर शिकतेय."

डिसेंबरात मामा रिटायर झाले. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांना गुलाबांचा भला मोठा गुच्छ दिला. मामांनी तो घेतला, सरळ चालत जाऊन समोर बसलेल्या सरांच्या मांडीवर ठेवला आणि परत येऊन बसले. भाषण करा म्हटलं तर उभे राहून म्हणाले, "मागच्या दगडांक कोणी हात लावू नये." आणि बसले. एवढंच भाषण. टाळ्या मी एकटीनं वाजवल्या.

पुढच्या एप्रिलात समिती पुन्हा आली, कायमच्या मान्यतेसाठी. या वेळी दोन दिवस मुक्काम. आणि आमचे नेचे एकच पावसाळा बघितलेले, वाळून इतके बारीक झालेले की दगडावर कुणी चिमूटभर चहापूड सांडलीय असं वाटावं. आदल्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, मागच्या वेळेसारखं करा." मी म्हटलं, नाही करणार. "म्हणजे?" म्हणजे नाही करणार. मग मी बागेचा नळ बंद करून त्याची नळी घरी घेऊन गेले. चोरी म्हणा हवं तर.

समितीचे अध्यक्ष म्हातारे, जाड भिंगांचे गृहस्थ. दगडांपाशी थांबले. "हे काय, सगळं मेलंय की."

"मेलं नाही सर. वाळलंय. जूनमध्ये या, दाखवते."

"पाणी घातलं तर उघडतं म्हणे हे?"

"मोरशिखा उघडते. उद्या सकाळपर्यंत."

"मग घाला ना!" ते खूश झाले. "आम्ही उद्या आहोतच. बघू तरी."

मागून प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, एक बादली. साहेब स्वतः म्हणतायत." शिपाई भरलेली बादली घेऊन आलाच होता. खरं सांगते, माझा हात शिवशिवला. एक बादली, आणि सकाळी सगळ्यांसमोर माझं म्हणणं खरं ठरणार होतं. सर गप्प होणार होते, नोकरी पक्की होणार होती. आणि उन्हात पुन्हा करपायचं तेवढं नेच्यांच्या वाट्याला येणार होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "तुम्ही बघून चहाला जाल. ते मरतील."

अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली. "बाई, मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे."

"मग तर तुम्हाला कळायलाच हवं."

आणि मी बादली उचलून कॉलेजच्या गटारात ओतली.

मान्यता आली. ती येणारच होती, बागेचा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. पण मला मेमो आला. समितीशी उद्धट वर्तन, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कायम करण्याबाबत फेरविचार होईल. मी रात्रभर जागून दीड पान खुलासा लिहिला आणि रविवारी विक्रोळीला मामांकडे गेले.

चाळीच्या गॅलरीत कठड्यावर बरण्याच बरण्या. मामींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांका सांगा जरा, लोणच्याक एक तरी बरणी सोडा म्हणान." मामा ढिम्म. मी मेमो दाखवला आणि माझा खुलासा वाचून दाखवला. 'अनवधानाने', 'कामाच्या ताणामुळे', 'मनापासून दिलगीर आहे', सगळं होतं त्यात.

"पाणी घातलात?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग दिलगीर कित्याक?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, मला कायम व्हायचंय! तुम्ही रिटायर होऊन बसलात, तुमचं काय जातंय बोलायला?"

मामी आतून बघायला लागल्या. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "खरां. माझा काय जाता. पत्र तुमचं, नोकरी तुमची. मी काय सांगणार नाय." आणि कठड्याकडे वळून एक बरणी पुसायला लागले.

ते ओरडले असते तर मी तो खुलासा तसाच देऊन टाकला असता, हे मला पक्कं माहीत आहे. त्या पाठमोऱ्या बनियनकडे बघत मी पेन काढलं आणि पहिला परिच्छेद खोडला. मग दुसरा. दीड पान खोडून झाल्यावर मेमोच्याच मागे दोन ओळी लिहिल्या. 'पाणी घातले असते तर नेचे मेले असते, म्हणून मी घातले नाही. असा प्रसंग पुन्हा आल्यास पुन्हाही घालणार नाही.' मामांनी कागद हातात घेतला, लांब धरून दोनदा वाचला.

"सही जरा मोठी करा," म्हणाले.

केली. सोमवारी सकाळी तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला.

जूनच्या शेवटाला फटीफटीतून नेचे वर आले. आधी मोरशिखा, मग हंसराज, सगळे. कायम झाल्याचं पत्र मात्र दोन वर्षं उशिरा आलं. त्या दोन वर्षांत कोणी खवचटपणे विचारलं, "काय मॅडम, अजून टेम्पररीच?", की मी त्याला तसाच हाताला धरून मागे दगडांपाशी न्यायचे. एप्रिल-मे असला, सगळं वाळून कोळसा झालेलं असलं, तरी न्यायचेच.